‘प्रोफेस’ : एका शब्दाची जन्मकथा
(महोत्सवाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ह्या व्याख्यानमालेत बोलण्याचा विषय चालकांनी माझ्यावरच सोपविला होता, आणि पुष्कळ दिवस तो मला सुचत नव्हता. अखेर तो एका विद्यार्थ्याने दिला. गेल्या महिन्यात सायंकाळच्या अभ्यासवर्गास हा मुलगा भारतीय राज्यघटनेचे इंग्रजी पुस्तक घेऊन आला. पंचविसाव्या अनुच्छेदात धर्माच्या बाबतीत तीन क्रिया मोकळेपणाने करण्याचा हक्क सर्वांस दिलेला आहे. त्यांपैकी आचरण व प्रसार ह्या दोन क्रिया त्यास समजल्या होत्या. पहिल्या क्रियेपाशी मात्र त्याचे बोट अडले. तेथे ‘प्रोफेस’ असा शब्द आहे. “फादर, ह्याला मराठीत काय म्हणायचे?” मी ‘जाहीर करणे’ असे सांगून मोकळा झालो. त्यावर तो म्हणाला, “जाहीर तर परीक्षेचा निकालसुद्धा करतात.”

मुलाचे म्हणणे खरे होते. निकाल जाहीर करणारा कारकून निकालात गुंतलेला नसतो. नापास कोणीही होवो, त्याचा पगार चुकत नाही. ‘प्रोफेस’ करणारा मनुष्य आपल्या शब्दात स्वतःच अडकून पडतो. मग मी घटनेचा हिंदी पाठ पाहिला. तेथे ‘मानने’ असा शब्द योजिला आहे. परंतु मानणे हे मनातल्या मनात होते, अंधारकोठडीतील कैद्यासही ते साधते, आणि त्यासाठी कोणत्याही घटनेचा आधार लागत नाही. आपण मिस्साविधीत जो विश्वासांगीकार म्हणतो त्यातील ‘अंगीकार’ हा शब्द मला फार प्रिय आहे. तथापि त्याची दिशाही आत येण्याची आहे. बाहेरची वस्तू आपल्या अंगाशी घेणे तो अंगीकार. इंग्रजी शब्दाची दिशा नेमकी उलट, म्हणजे आतून बाहेर जाण्याची आहे. तेव्हा ह्या शब्दाचे कुळ शोधून काढावे असे मी ठरविले. सेमिनरीत आमच्या पिढीस लॅटिन बेताचेच शिकविले गेले, पण तेवढ्या शिदोरीवर हा प्रवास निभावला.

मूळ लॅटिन क्रियापद ‘प्रोफितेरी’. त्यातील ‘प्रो’ म्हणजे पुढे, समोर. आणि ‘फातेरी’ म्हणजे मान्य आहे असे बोलून दाखविणे. ह्या ‘फातेरी’च्या मुळाशी ‘फारी’, म्हणजे बोलणे, हे आणखी जुने क्रियापद आहे. कीर्ती ह्या अर्थाचा ‘फामा’ आणि गोष्ट ह्या अर्थाचा ‘फाबुला’ हे शब्द त्याच घरचे. भाषाशास्त्रज्ञ ह्या धातूचे नाते संस्कृतातील ‘भण्’ धातूशी जोडतात, आणि त्या ‘भण्’पासून प्राकृताच्या वाटेने आपले मराठी ‘म्हणणे’ आलेले आहे. म्हणजे जो शब्द मी रोमला जाऊन शोधीत होतो त्याचा सख्खा आप्त माझ्या आईच्या तोंडी दिवसातून शंभर वेळा येत असे! अक्षरशः पाहिले तर ‘प्रोफेस’ म्हणजे पुढे होऊन म्हणणे.

त्याच घरातील आणखी एक शब्द आपल्या ओळखीचा आहे. लहान मुलास इंग्रजीत ‘इन्फंट’ म्हणतात. ‘इन्’ हा नकार आणि ‘फान्स’ म्हणजे बोलणारा. ज्याला अद्याप बोलता येत नाही तो इन्फंट. तान्ह्या बालकाच्या स्नानसंस्कारात धर्मगुरू श्रद्धेविषयीचे प्रश्न मोठ्याने विचारतात आणि उत्तरे आईबाप व धर्ममातापिता देतात, ह्याचे मर्म ह्या दोन शब्दांच्या नात्यात आहे. ज्याला म्हणता येत नाही त्याच्यासाठी दुसरे कोणीतरी पुढे होऊन म्हणते. ते उसने शब्द मोठेपणी स्वतःचे करावयाचे असतात. पास्काच्या जागरणविधीत स्नानसंस्कारातील वचने सर्व भाविकांनी पुन्हा उच्चारण्याची योजना १९५१ साली, तो विधी नव्याने बसविताना करण्यात आली.

‘प्रोफेस’ची धाकटी म्हणा की थोरली म्हणा, एक बहीण आहे : ‘कन्फेस’. तिच्यातही तेच ‘फातेरी’ आहे. गोव्याकडे पापनिवेदनास जे ‘कुमसार’ म्हणतात ते ह्याच शब्दाचे पोर्तुगीज वाटेने आलेले रूप होय. जुन्या लॅटिन प्रार्थनांतून हे क्रियापद पाप कबूल करण्यासाठी येते, तसेच श्रद्धा कबूल करण्यासाठीही येते. नायसीन विश्वासांगीकारात एकाच बाप्तिस्म्याविषयी जे वाक्य आहे तेथे लॅटिनमध्ये हेच क्रियापद आहे. इंग्लंडचा राजा एडवर्ड १०६६ साली वारला. त्यास ‘कन्फेसर’ म्हणतात ते तो लोकांची पापे ऐकत असे म्हणून नव्हे, तर रक्त न सांडता केवळ जीवनाने त्याने श्रद्धेची साक्ष दिली म्हणून. पुढेपुढे दोघी बहिणींनी कामे वाटून घेतली. कानात कुजबुजण्याचे काम एकीकडे गेले आणि चारचौघांत बोलण्याचे दुसरीकडे.

आता रोमकडे वळू. ‘प्रोफेसिओ’ हा शब्द तेथे प्रथम देवळात नव्हता, कचेरीत होता. आपली मिळकत किती, घरात मूल केव्हा जन्मले, आपण कोणत्या अधिकारपदासाठी उभे आहो, हे अधिकाऱ्यासमोर नावानिशी सांगून नोंदविणे म्हणजे प्रोफेसिओ. ह्यात चूक झाली तर दंड आणि गैरहजर राहिले तर नुकसान. ह्याचे एक उदाहरण मोठे मासलेवाईक आहे. इ. स. पूर्व ६० साली जूलियस सीझर स्पेनमधील विजय मिळवून रोमच्या वेशीपर्यंत आला. त्यास विजययात्रा हवी होती आणि कॉन्सलचे पदही हवे होते. विजययात्रेची वाट पाहणाऱ्या सेनापतीने नगराची सीमा ओलांडावयाची नाही असा धर्मनियम होता. आणि उमेदवाराने ठराविक मुदतीत स्वतः नगरात येऊन आपले नाव ‘प्रोफेस’ केले पाहिजे असा कायदा होता. सीझरने सवलत मागितली. केटोने सेनेटात सूर्यास्तापर्यंत भाषण लांबवून ती मिळू दिली नाही. तेव्हा सीझरने सोन्याचा रथ, बंदिवानांची रांग, लोकांचा जयघोष, सर्व सोडले, पायी वेस ओलांडली आणि नाव नोंदविले. त्याचा हेतू स्वार्थाचा होता हे खरे. पण ह्या क्रियेस स्वतःचा देह हजर लागतो, दुसऱ्याकडून निरोप धाडून ती होत नाही, हे त्यावरून उत्तम कळते.

ह्याच कचेरीतला शब्द शुभवर्तमानात आलेला आहे, आणि तो वाचला तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. संत लूकच्या दुसऱ्या अध्यायात औगुस्त कैसराच्या आज्ञेवरून प्रत्येक जण नावनिशी लिहून देण्यास आपापल्या गावी जातो. तेथे संत जेरोमच्या लॅटिन पाठात ‘प्रोफितेरी’ हेच क्रियापद आहे. योसेफ गर्भवती मरियेस घेऊन बेथलेहेमची वाट चालला तो ‘प्रोफेस’ करण्यासाठी! आपण दर नाताळास हा भाग ऐकतो आणि त्यास खानेसुमारी समजून पुढे जातो. पण परक्या सरकारच्या चौथऱ्यासमोर तो सुतार उभा राहून मी कोण, कोणत्या घराण्याचा, माझ्याबरोबर ही कोण, हे सांगणार होता. आणि तिच्याविषयी लोकांच्या मनात काय असेल हे त्याला माहीत नव्हते असे नाही.

कचेरीतला हा शब्द ख्रिस्तमंदिरात कसा आला, ह्याची सर्वांत सुंदर कथा संत ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनाच्या आठव्या भागात आहे. चौथ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये व्हिक्टोरिनस नावाचा वक्तृत्वशास्त्राचा आचार्य होता. सेनेटरांची मुले त्याच्या हाताखाली शिकली. त्याच्या हयातीतच नगराच्या चौकात त्याचा पुतळा उभारला गेला. जन्मभर त्याने जुन्या देवतांचा कैवार घेतला होता. म्हातारपणी त्याने पवित्र शास्त्र बारकाईने वाचले आणि सिम्प्लिसियानस ह्या मित्रास एकांतात सांगितले की मी आता ख्रिस्ती झालो आहे. मित्र म्हणाला, मंदिरात तुला पाहीन तेव्हा खरे मानीन. आचार्य हसून विचारी की भिंतींनी का मनुष्य ख्रिस्ती होतो? हा विनोद पुन्हा पुन्हा होई. परंतु ह्या विनोदामागे भीती होती, हे ऑगस्टीन लपवीत नाही. प्रतिष्ठित मित्र दुरावतील, त्यांचा रोष डोक्यावर कोसळेल, ही ती भीती. एके दिवशी अचानक तो मित्रास म्हणाला, चल, मंदिरात जाऊ.

रोममध्ये त्या काळी अशी रीत होती की स्नानसंस्कार घेऊ इच्छिणाऱ्याने श्रद्धेचे ठराविक शब्द मुखोद्गत करून उंच जागी उभे राहून सर्व लोकांदेखत म्हणावे. भिडस्त माणसांसाठी मात्र धर्मगुरू ते शब्द खाजगी रीतीने म्हणवून घेत. तशी सवलत व्हिक्टोरिनसला देऊ केली असता त्याने ती नाकारली. त्याचे कारण ऑगस्टीनने दिले आहे, आणि तेथे आपला शब्द दोन अर्थांनी चमकतो. ज्यात तारण नाही ते वक्तृत्वशास्त्र ह्या माणसाने उघडपणे ‘प्रोफेस’ केले होते. कारण अमुक विद्या मी शिकवितो असे जो लोकांसमोर सांगतो तो ‘प्रोफेसर’, हाच त्या पदवीचा मूळ अर्थ. मग ज्यात तारण आहे ते ‘प्रोफेस’ करण्यास त्याने कचरावे का? तो वर चढला तेव्हा ओळखणाऱ्यांच्या तोंडून त्याचे नाव हलक्या स्वरात सर्वत्र फिरले, आणि मग सारे निःशब्द झाले. पुढे ३६२ साली सम्राट जूलियनने ख्रिस्ती शिक्षकांस साहित्य व वक्तृत्व शिकविण्याची मनाई केली, तेव्हा व्हिक्टोरिनसने पाठशाळा सोडली. एक ‘प्रोफेस’ राखण्यासाठी दुसरे टाकले. ही हकीकत ऐकणारा ऑगस्टीन त्या वेळी स्वतः मिलानमध्ये त्याच विद्येचा आचार्य होता. ३८६ साली त्यानेही ते पद सोडले.

मठांच्या जीवनात हा शब्द अधिकच पक्का झाला. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमाचा अठ्ठावन्नावा अध्याय पाहावा. उमेदवाराने प्रार्थनागृहात सर्वांसमोर स्थैर्य, जीवनाचे परिवर्तन आणि आज्ञाधारकपणा ह्यांचे वचन द्यावयाचे, ते स्वहस्ते कागदावर लिहावयाचे (लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहावे व त्याने खूण करावी), आणि तो कागद स्वतःच्याच हाताने वेदीवर ठेवावयाचा. मग त्याचे जुने कपडे काढून मठाचे दिले जात. जुने कपडे मात्र फेकून देत नसत, जपून ठेवीत. कधी काळी तो मठ सोडून निघाला तर त्याचे कपडे त्यास परत मिळत. कागद परत मिळत नसे. माणसास आपला सदरा परत घेता येतो, बोललेला शब्द घेता येत नाही, हे त्या साध्या भांडारव्यवस्थेत किती निर्विकारपणे सांगितले आहे!

इंग्रजी भाषेत हा शब्द मठाच्याच दारातून आला. तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत ‘प्रोफेशन’ म्हणजे संन्यस्त जीवनाची व्रते घेणे. कोणतीही गोष्ट उघड सांगणे हा सर्वसाधारण अर्थ नंतरचा, आणि पोटापाण्याचा उद्योग हा त्याच्याही पुढचा. (‘अव्हाऊ’ हा ह्याच अर्थाचा दुसरा इंग्रजी शब्द कित्येक लोक ‘व्हाऊ’ म्हणजे व्रत ह्याच्याशी जोडतात, तसे नाही. तो ‘आद्व्होकारे’, साहाय्यास हाक मारणे, ह्यापासून निघाला, आणि वकिलास जे ‘ॲडव्होकेट’ म्हणतात त्याचा तो भाऊबंद होय.) व्रतापासून उद्योगापर्यंत झालेली ही घसरण पाहून मला हळहळ वाटत असे, पण मग आपल्या ‘व्यवसाय’ ह्या शब्दाकडे लक्ष गेले. संस्कृतात व्यवसाय म्हणजे दृढ निश्चय. गीतेतील ‘व्यवसायात्मिका बुद्धी’ ती हीच. दोन दूरच्या भाषांत निश्चयाचा शब्द पोटाच्या शब्दापर्यंत कसा उतरला हे पाहिले म्हणजे मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच, असे मनात येते.

ह्याहून वाईट घसरण दुसरी झाली. सोळाव्या शतकापासून ‘प्रोफेस’ ह्या शब्दास तोंडदेखलेपणाचा वास येऊ लागला. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकात हा शब्द पहिल्याच अंकात तीन प्रसंगी आला आहे. राज्याच्या वाटणीसाठी बापावरील प्रेमाचे प्रदर्शन मांडणारी रेगन तो वापरते, आणि ती खोटी आहे. धाकटी कॉर्डेलिया निरोप घेताना बहिणींच्या उक्त प्रेमाविषयी तोच शब्द वापरते, आणि त्यात धार आहे. काही वेळाने वेष पालटून आलेल्या केंटला राजा विचारतो, तू काय ‘प्रोफेस’ करतोस? म्हणजे, तुझा धंदा कोणता? केंट धंदा सांगत नाही. दिसतो त्याहून आपण कमी नाही, एवढेच आपले प्रोफेशन, अशा आशयाचे उत्तर देतो. वेषांतर केलेला मनुष्य हे बोलतो आणि तरी तोच खरा ठरतो! इंग्रजी शब्दाच्या साऱ्या जन्माची पत्रिका ह्या तीन प्रसंगांत आहे असे मला वाटते.

येथवर सर्व गोष्टी परदेशच्या झाल्या. परंतु हा शब्द आपल्या देशाच्या कायद्यात येऊन बसला, आणि तेथे तो शोभेचा शब्द राहिला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना परिषदेत ह्या कलमावर वाद झाला तेव्हा तजम्मुल हुसेन ह्यांनी अशी दुरुस्ती सुचविली की धर्माचे आचरण खाजगी रीतीने असावे. धर्म हा मनुष्य व त्याचा निर्माता ह्यांच्यातील विषय आहे. ती स्वीकारली गेली नाही. व्हिक्टोरिनसला देऊ केलेली ती आडोशाची जागाच जणू ह्या देशातील सर्वांस देऊ केली होती.

पुढे १९५० साली अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. हिंदू धर्माहून वेगळा धर्म ‘प्रोफेस’ करणारी व्यक्ती अनुसूचित जातीची गणली जाणार नाही, असे त्यात म्हटले. १९५६ साली शिखांस आणि १९९० साली बौद्धांस ह्या अटीतून मोकळे केले गेले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. ह्या एका क्रियापदाचा अर्थ काय, हा प्रश्न आपल्याच नागपुराहून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५६ च्या ऑक्टोबरात डॉ. आंबेडकरांनी तेथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. १९६२ साली राखीव जागेवरून निवडून आलेल्या एका आमदाराने त्या सुमारास धर्म बदलला होता की नाही, असा तो वाद होता. १९६४ च्या निकालात न्यायालयाने कोश उघडून ह्या शब्दाचा अर्थ लावला : ज्यांचा संबंध पोहोचतो त्यांना कळेल अशा रीतीने केलेले श्रद्धेचे निवेदन म्हणजे ‘प्रोफेस’ करणे. तसे निवेदन लोकांसमोर झाले असेल तर धर्मांतराचा विधी परिणामकारक झाला की नाही हे शोधीत बसण्याचे कारण नाही. निवडणूक टिकली नाही. भाषाशास्त्र म्हणून पाहिले तर हा अर्थ अगदी अचूक आहे. ऑगस्टीनने मान डोलावली असती. परंतु त्याची किंमत कोण मोजतो हे कोशात लिहिलेले नसते.

आता थोडे स्वतःविषयी बोलतो, त्याची क्षमा असावी. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी मराठवाड्यातील एका खेड्यात होतो. तेथे एक गृहस्थ पत्नीस व मुलीस घेऊन तीन वर्षे दर रविवारी मिस्साला येई आणि अगदी मागे बसे. एकदा सायंकाळी येऊन तो म्हणाला, “फादर, आम्हांला पाणी द्या. पण वहीत नाव लिहू नका.” त्याची मुलगी जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहून शिष्यवृत्तीवर शिकत होती. स्नानसंस्काराची नोंद करणे धर्मसभेच्या कायद्याने मला बंधनकारक होते. तेवढेच सांगितले असते तर चालले असते. मी त्यास व्हिक्टोरिनसची कथा सांगितली, आणि चांगली रंगवून सांगितली. त्याने ती पूर्ण ऐकून घेतली. मग विचारले, “त्या गुरुजींची शाळा गेली. त्यांच्या मुलीची पण गेली का?” ऑगस्टीनने त्या कथेत आचार्याच्या मुलाबाळांचा उल्लेख केलेला नाही, आणि मलाही तो प्रश्न कधी पडला नव्हता. तो आणखी तीन-चार रविवार आला. पुढे आला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी मी रात्रीच्या गाडीने प्रवास करीत होतो. डब्यात धर्मांतरावर बोलणे निघाले आणि ते तापत गेले. समोरच्या सद्गृहस्थांनी मला सहज विचारले, “आपण काय करता?” मी म्हणालो, “शाळेत शिकवितो.” ते खोटे नव्हते, आठवड्यास दोन तास मी शिकवीत होतो. अंगावर साधा सदरा होता, क्रूस पिशवीत होता. माझ्या उत्तरावर कोणाची शिष्यवृत्ती अवलंबून नव्हती. सकाळी स्टेशनावर दोन मुले मला उतरवून घेण्यास आली होती; ती खिडकीतूनच ओरडली, “फादर, पिशवी इकडे द्या!” त्या सद्गृहस्थांनी माझ्याकडे एकदा पाहिले, बाकाखाली राहिलेली माझी पाण्याची बाटली काढून हातात दिली, आणि “सांभाळून उतरा, फादर,” एवढेच म्हणाले.

असो. मुलाला उत्तर द्यावयाचे राहिले होते. पुढील आठवड्यात तो आला तेव्हा ही सर्व वंशावळ त्याला सांगण्याचा मोह मी आवरला, आणि त्याच्या वहीत ‘प्रोफेस’ ह्या शब्दापुढे ‘चारचौघांत म्हणणे’ असे लिहून दिले. त्याने ते दोनदा वाचले व विचारले, “फादर, परीक्षेत हे चालेल का?” मी म्हणालो, लिहून तर पाहा. निकाल अद्याप जाहीर व्हावयाचा आहे.